सोयाबीन म्हणून वाढलं

श्टुटगार्ट,
१४ सप्टेंबर २०२४

प्रिय माहू,

अक्षर बघून हसू नकोस. दर शनिवारी दोन तास मराठी शाळेत बसते, तरी माझा 'ळ' अजून आडवाच पडतो. मराठीच्या बाईंनी सांगितलंय की वर्षभर कुणाशी तरी कागदावर पत्रव्यवहार करा, मोबाईल चालणार नाही. तसंच माझ्या रोजच्या शाळेत यंदा मोठा प्रकल्प आहे. वेगवेगळ्या देशांतली आपल्या वयाची मुलं मनानं कशी आहेत आणि त्यांना सांभाळणारी नाती कोणती, हे शोधायचं. एकानं घाना निवडलाय, एकीनं जपान. मी म्हटलं, माझी मामेबहीण सोलापूरला आहे, यंदा दहावीला आहे. तेव्हा एका दगडात दोन पक्षी.

तीनच प्रश्न विचारते. तुला भीती कशाची वाटते? घाबरलीस की कुणाकडे जातेस? त्या माणसाजवळ तुला कसं वाटतं?

आधी माझं सांगते. मला भीती वाटते वर्गात सगळ्यांसमोर बोलायची. मी आईकडे जाते. आमच्याकडे रविवारी जेवणाआधी प्रत्येकानं दहा मिनिटं मनातलं बोलायचं असा नियम आहे. आई स्वयंपाकघरातलं घड्याळ लावते, आणि ते वाजेपर्यंत मध्ये कुणी बोलायचं नाही. बाबांना तीन मिनिटांच्या वर काही सुचत नाही, मग ते ऑफिसातल्या कॉफीबद्दल बोलतात.

दोन वर्षांपूर्वी गड्ड्याच्या जत्रेत मोठ्या पाळण्यात तू माझा हात इतका घट्ट धरला होतास की वळ उठले होते. आठवतं? तशीच मोकळी लिही. तुझं नाव मी बदलेन.

तुझी,
शांभवी

•

सोलापूर,
१२ ऑक्टोबर २०२४

प्रिय शांभवीताई,

सा. न. तुझं पत्र सोमलिंगकाकांनी आधी फोडून वाचलं, मग मला दिलं. 'चांगलं लिही, देशाचं नाव काढ' म्हणाले. म्हणून पुढचं पत्र घरी धाडू नकोस. नबीसाब चाचांच्या नावानं इथल्याच विजापूर वेशीत पाठव, पत्ता मागच्या पानावर लिहिलाय. चाचा आपल्या दुकानचा माल टेम्पोतून नेतात. त्यांची फिरदोस पहिलीपासून माझ्या बाकावर आहे. हे पत्रसुद्धा तिच्या घरी बसूनच लिहिते. ती शेजारून वाचतीय आणि माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढतीय.

मला भीती वाटते जेवणाची. तू हसशील. पप्पा मारत नाहीत रोज. पण ताट वाढलं की चाचणीचा पेपर मागतात. तो ताटाशेजारी ठेवतात, आणि जिथं गुण गेले ते गणित आधी सोडव म्हणतात. आई ताट उचलून बाजूला ठेवते. गणित सुटेपर्यंत भाकरी पापडासारखी होते. नववीपासून असं व्हायला लागलं की ताट दिसलं की गळा आवळतो. घास फिरतच राहतो तोंडात. मी रुमालात काढून खिशात ठेवते. शाळेत रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात भरलं. घरी सांगितलं. आपली अव्वा आज्जी म्हणाली, 'यव्वा, आमच्या वेळी हे काय नव्हतं, नखरे हायत.' गोळ्या आणल्या, त्या उलटतात.

घाबरले की मी साबेरा चाचींकडे जाते. फिरदोसची आई. त्या साड्यांना फॉल-पिको करतात, दिवसभर मशीनवर असतात. मला बघितलं की मशीन थांबवतात. काही विचारत नाहीत, हेच बरं वाटतं. 'खा पहले, बाद में रो,' एवढंच म्हणतात. तिथं घास खाली जातो. का जातो ते मला माहीत नाही.

आता एक गोष्ट सांगते, ती प्रकल्पात घालू नकोस. जूनमध्ये एकदा त्यांच्याकडे मटण होतं. मी म्हटलं, मला पण द्या. चाची म्हणाल्या, 'नक्को बेटा, तुमारे में चलता नै. मैं दाल डालती तेरे वास्ते.' मी तीनदा मागितलं, त्या तीनदा नाही म्हणाल्या. मग त्या डाळ आणायला उठल्या आणि मी फिरदोसच्या ताटातला तुकडा उचलून तोंडात टाकला. बाईंनी वर्गात सांगितलं होतं, मटणानं रक्त वाढतं. चाची लई रागावल्या. पाठीत धपाटा घातला आणि स्वतःच रडायला बसल्या. दुसऱ्या दिवशी बाजारातून नवं पातेलं आणलं. आता माझी डाळ त्याच्यातच शिजते, त्यात दुसरं काही शिजत नाही. परत मी कधी मागितलं नाही, त्यांनी कधी दिलं नाही.

लिंगाला हात लावून सांगते, हे फक्त तुला सांगितलंय. कुणाला बोलू नकोस की.

तुझी,
माहू

•

श्टुटगार्ट,
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय माहू,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. दोनदा रडले. साबेरा चाचींना माझा नमस्कार सांग, आणि फिरदोसला सांग की ऱ्हस्व-दीर्घ माझेही तपास.

आता माझं ऐक, आणि पूर्ण वाचल्याशिवाय रागावू नकोस. आमच्या शाळेत मुलांशी बोलायला एक समुपदेशक बाई आहेत. मी तुझं नाव न घेता त्यांना सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, 'ही मुलगी जेवत नाही आणि का जेवत नाही, हे तिच्या वडिलांना कुणी समजावलंय का?' त्या म्हणाल्या, गुपितं दोन प्रकारची असतात. एक जपायची, आणि दुसरी धोक्याची. धोक्याचं गुपित विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायचंच असतं, मैत्रीण रागावली तरी.

म्हणून मी रविवारी माझ्या दहा मिनिटांत आईला तुझं पत्र वाचायला दिलं. सगळंच दिलं, अर्धं देणं मला खोटेपणाचं वाटलं. पहिलं पान आईनं भराभर वाचलं. दुसरं तिनं दोनदा वाचलं. मग उठून म्हणाली, 'मी दादाशी बोलते.' घड्याळ वाजायचं होतं अजून.

माहू, राजूमामा वाईट नाहीत. त्यांना माहीतच नसेल की ताटाशेजारचा पेपर तुला काय करतो. बहिणीनं सांगितलं तर ऐकतील. हे पत्र पोचेल तोवर सगळं बदललेलं असेल.

तुझी,
शांभवी

•

सोलापूर,
२ डिसेंबर २०२४

ती. सौ. आत्यास व शांभवीताईस,

शि. सा. न. वि. वि.

आम्ही सर्व इथे सुखरूप आहोत. माझी तब्येत ठीक आहे.

माझ्या आधीच्या पत्रात मी चुकीचं लिहिलं होतं. मी स्वतः काही उचलून खाल्लं नाही. फिरदोसच्या आईनं ते मला सोयाबीन म्हणून वाढलं. मला आधी कळलं नाही. नंतर भीतीनं मी तसं लिहिलं. आता पप्पांनी सगळं नीट केलं आहे. स्वामींकडे जाऊन आलो. अव्वानं माझ्या हातानं अभिषेक करवून घेतला.

फिरदोसच्या घरी आता मी जात नाही. तिथे पत्र पाठवू नये. ताई, तू माझं आधीचं पत्र फाडून टाक.

हे पत्र काका पोस्टात टाकणार आहेत.

आपली,
महेश्वरी

•

श्टुटगार्ट,
२८ डिसेंबर २०२४

प्रिय फिरदोस,

आपण कधी भेटलो नाही, पण मला आलेलं माहूचं पत्र तू तिच्या शेजारी बसून वाचलंस, म्हणून तुला लिहायचं धाडस करते. माहूचं एक विचित्र पत्र आलंय. त्यात तुझ्या आईबद्दल जे लिहिलंय ते खरं नाही, हे मला माहीत आहे, कारण तिच्याच हातचं आधीचं पत्र माझ्याकडे आहे. मी ते फाडलेलं नाही.

आई मला काही सांगत नाही. विचारलं तर 'तो विषय संपला' म्हणते. आमची रविवारची दहा मिनिटंही बंद आहेत. कृपा करून मला सांग, तिथे काय झालं?

शांभवी

•

विजापूर,
२० मार्च २०२५

शांभवीताईंना सलाम.

तुमचं पत्र मला फेब्रुवारीत मिळालं. आम्ही आता सोलापुरात राहत नाही. पोस्टमन अब्बांना ओळखतात, त्यांनी ते टेम्पोवाल्यांच्या अड्ड्यावर ठेवलं होतं. उत्तर लिहायला उशीर झाला, कारण परीक्षा होती. माझी परीक्षा तशी झाली नाही, तेही सांगते.

नोव्हेंबरचा तिसरा रविवार होता. अम्मी मशीनवर होती. माहूचे पप्पा, तिचे काका आणि गल्लीतले पाच-सहा जण आले. मागं माहू. काकांचा हात तिच्या खांद्यावर होता. दोघातिघांनी मोबाईल वर धरले होते. मला वाटलं, अब्बांचा टेम्पो कुठं धडकला.

काका म्हणाले, 'सांग सगळ्यांसमोर. ह्या बाईनं तुला काय वाढलं?'

माहू म्हणाली, 'सोयाबीन म्हणाल्या.'

मी म्हटलं, 'माहू, असं नाही झालं. तूच उचललंस. माझ्याच ताटातलं.' काकांनी मला गप केलं. माहूच्या पप्पांनी तिच्याकडे वळून हात वर केला. 'खरं बोल. तू उचललंस का तिनं वाढलं?' माहूनं दोन्ही हात डोक्यावर धरले. 

तेवढ्यात अम्मी पुढे झाली. म्हणाली, 'हौ. मैंच दी. बच्ची को कुछ नै मालूम.'

एवढंच बोलली. ते मोबाईलमध्ये आलं. दोन दिवसांत सगळ्या सोलापूरनं बघितलं. नंतर मी अम्मीशी भांडले, का कबूल केलंस म्हणून. ती म्हणाली, 'उसका बाप हाथ उठाया था. तू देखी नै?'

माहूच्या पप्पांनी त्याच दिवशी अब्बांना दुकानाचं काम देणं बंद केलं. आठवड्यात बाजारातल्या इतरांनीही केलं. बायकांनी फॉल लावायला दिलेल्या साड्या परत मागितल्या, न शिवलेल्या सुद्धा. घरमालकाला आमच्याबद्दल काही तक्रार नव्हती, पण खोली सोडा म्हणाला. म्हणाला, 'माझ्या दारावर दगड आला तर काच कोण बसवणार?' आता आम्ही विजापूरला खालाकडे, अम्मीच्या बहिणीकडे आहोत. अब्बा दुसऱ्याचा टेम्पो चालवतात. अम्मी नवीन माणसासमोर बोलत नाही. कुणी मोबाईल हातात घेतला की आत जाते.

परीक्षेचा नंबर सोलापुरातच होता. मी पहाटेची बस धरून गेले. मराठीच्या पेपराला माहू माझ्यापुढे दोन बाकं सोडून होती. तिच्या गळ्यात नवी चेन होती. मागून एका मुलीनं मला हाक मारली, 'ए सोयाबीन.' सगळ्या हसल्या. माहूनं वळून बघितलं आणि तीही हसली. अम्मी म्हणते, तिला हसावं लागलं असेल. मला तसं वाटत नाही. मी पहिलीपासून तिचं हसणं बघितलंय. तीन पेपर दिले, मग गेले नाही.

तुम्ही वाईट हेतूनं केलं असं मी म्हणत नाही. पण आमचा पत्ता तुमच्याकडे होता. एकदा मलाच विचारायचं की.

एक काम करा. माहूच्या हातचं ते पत्र तुमच्याकडे आहे. त्याचा स्वच्छ फोटो मला पाठवा. खाली खालाच्या नवऱ्याचा नंबर दिलाय. मला कुणाशी भांडायचं नाही. अम्मीला दाखवायचंय की तिच्या बाजूनं एक तरी कागद आहे. जमलं तर लवकर.

फिरदोस

•

श्टुटगार्ट,
१९ एप्रिल २०२५

माहू,

हे पत्र शाळेत, तुमच्या मराठीच्या बाईंच्या नावे पाठवतेय, म्हणजे ते फक्त तुझ्याच हातात पडेल. मला फिरदोसनं सगळं लिहिलंय. साबेरा चाची तुझ्यासाठी खोटं बोलल्या. तुला मार बसू नये म्हणून. तुला हे कळलं होतं ना?

ती म्हणते तू परीक्षेच्या हॉलमध्ये हसलीस. हसलीस का?

फिरदोसनं तुझ्या पत्राचा फोटो मागितलाय. मी अजून पाठवलेला नाही. मला वाटतं, हे तू स्वतः सांगावंस, म्हणजे तुलाही हलकं वाटेल. जूनच्या अखेरीपर्यंत थांबते. मामांना सांग. नाहीतर मी फोटो पाठवेन, तिला आणि मामांनाही.

आणि माझंही सांगून टाकते. प्रकल्प मी बदलला नाही. फिरदोसचं पत्र आलं तेव्हा जमा करायला चार दिवस उरले होते. त्यात तुझं पहिलंच पत्र आहे, जर्मनमध्ये, नाव बदलून. वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी पहिल्यांदा न घाबरता बोलले.

शांभवी

•

सोलापूर,
८ जून २०२५

शांभवीताई,

शाळेत गुणपत्रिका घ्यायला गेले तेव्हा तुझं पत्र बाईंनी दिलं. चौऱ्याण्णव टक्के पडले. काकांनी चौकात फ्लेक्स लावला.

तू धमकी दिलीस म्हणून मी त्याच दिवशी पप्पांच्या फोनवरून आत्याला फोन केला. रडले. म्हटलं, ताई माझं सगळं मोडणार आहे. माझं पत्र ठेवलेला ड्रॉवर तू उघडून बघितलास का? नसशील तर बघ. पत्र आत्यानं जाळलं. तिनंच सांगितलं, आणि म्हणाली, 'तू अभ्यास कर, तिचं मी बघते.' प्रकल्पातलं जर्मनमध्ये आहे म्हणतेस. इथं कोण वाचणार ते?

तुझ्याशी खोटं बोलायचं मला कारण नाही, म्हणून खरं लिहिते. आता माझी पत्रं कुणी फोडत नाही.

तू आत्याला सांगितलंस आणि आत्यानं पप्पांना फोन केला. तेव्हा ताटाबद्दल ती बोलली का नाही मला माहीत नाही. पप्पांनी त्यातलं एकच ऐकलं, मटण. पट्टा काढला. आई दारात उभी होती, पण आत आली नाही. तेव्हा माझ्या तोंडून 'सोयाबीन' निघालं. ठरवून नव्हतं. पप्पांचा हात तिथंच थांबला. एका शब्दानं. तू असतीस तर दुसरा शब्द शोधला असतास का?

इथपर्यंत तुला समजेल. पुढचं समजणार नाही.

चाचींच्या दारातून घरी आलो तेव्हा पप्पांनी मला शेजारी बसवलं. स्वतःच्या हातानं दुधात भाकरी कुस्करली. 'माझ्या पोरीला फसवलं' म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी दहा वर्षांत त्यांना माझ्यासाठी रडताना बघितलं नव्हतं. घास खाली गेला, ताई. सरळ गेला. त्या दिवसापासून ताटाशेजारी पेपर नाही. अव्वा तूप वाढते. काकांनी चेन केली. आई माझ्या केसांना तेल लावते आणि काही बोलत नाही, पण लावते. चाचींकडे जे मिळायचं ते आता मला घरात मिळतंय. ते मी का घालवू? फिरदोसच्या घरी तिची अम्मी आहे. ती कायम असणार आहे.

चाची माझ्यासाठी खोटं बोलल्या ते मला कळलं होतं. तिथंच कळलं होतं. मला तेव्हा त्यांचा राग आला. का आला ते माहीत नाही.

हॉलमध्ये हसले का विचारलंस. व्हय, हसले.

आता काका मला मुलींच्या मेळाव्यात बोलायला नेतात. 'अनुभव सांग' म्हणतात. चार ठिकाणी बोलले, एकदा वैरागला जाऊन. पहिल्यांदा जीभ अडखळली. आता नाही अडखळत. दरवेळी एखादं वाक्य जास्तीचं येतं. मागच्या वेळी मी म्हटलं की मला दार लावून खायला घातलं. दार कधी लावलं नव्हतं. त्या घराला पडदाच होता नुसता. बायका पदर डोळ्यांना लावतात. नंतर जवळ घेतात.

गेल्या रविवारी होटगी रस्त्याला होता मेळावा. भाषण झाल्यावर सातवीतली एक मुलगी आली. दोन वेण्या, गुडघा फुटलेला. हळूच म्हणाली, 'दीदी, माझी आई नाही. माझ्या मैत्रिणीची अम्मी रोज मला डबा देते. काय करू?'

मी विचारलं, 'काय असतं डब्यात?'

'चपाती-भाजी. कधी शिरा. चांगलं असतं, दीदी. ती पाणी पण देते.'

मी म्हटलं, 'उद्यापासून खाऊ नकोस.'

ती म्हणाली, 'मग भूक लागली तर?'

 मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, जसा माझ्या डोक्यावर ठेवतात तसा. काका मागंच उभे होते. गुडघ्यावर बसले, तिला जवळ घेतलं, गोड आवाजात मैत्रिणीचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. अम्मीचं सांगितलं. मग कुठं राहतात ते विचारलं, तर तिनं त्यांचा हात धरला आणि म्हणाली, 'जवळच हाय, चला की, दाखवते.'

ते दोघं पुढं निघाले. काकांनी मागं वळून मला हाक मारली, आणि मी गेले.

महेश्वरी